शारदाच्या आधीचं नाव

दादा, तुमची राख सावडून घरी आले, अजून पाय धुतले नव्हते, तेवढ्यात परभणीच्या ऑफिसातून फोन. तिथल्या बाई म्हणाल्या, मंगळवारी मी असते, वडिलांना घेऊन या, सहीचं एकदाचं उरकून टाकू. मी म्हटलं, वडील येत नाहीत आता. त्यांना वाटलं तुम्ही अजून रुसलेलेच आहात. "समजावून सांगा ना जरा," म्हणाल्या. आता बोला. तुम्ही जिवंत असताना मला समजावता आलं नाही, आता कुणाला जाऊन समजावू?

मला रडू यायला पाहिजे होतं. आला तो राग. घरात माणसं बसलेली, आणि मी न्हाणीपाशी जाऊन बादली आदळली. काकू बायकांना म्हणाली, लय जीव होता बापावर, रडू द्या तिला. जीव होता, खोटं कशाला बोलू. पण त्या घडीला तुम्ही समोर असता तर मी भांडलेच असते. तेराव्यापर्यंत जो तो येऊन 'देवमाणूस गेला' म्हणून गेला. म्हणू दे. त्यांचं तुमच्याशी भांडण नव्हतं. माझं होतं, आणि ते अर्धं टाकून तुम्ही निघून गेलात.

मी मागितलं तरी काय होतं? जन्म देणारीला शोधत गावोगाव फिरायचं नव्हतं मला. घसा फुटेस्तोवर सांगितलं तुम्हाला. मला आई होती. माय होती माझी, तिनं मला रागावलं, मारलं, डोक्याला तेल घातलं, सगळं केलं. मला एवढंच पाहिजे होतं की मी जन्मले कधी, आणि शारदा व्हायच्या आधी मला लोक काय म्हणून हाक मारत होते.

मी दत्तक आहे हे लहानपणापासूनच ठाऊक होतं. वस्तीवर असलं काही झाकून राहतं होय? विहिरीवरच्या बायाच सांगतात. पण शारदा नावाची एक खरी पोर होती, तुम्हा दोघांच्या पोटची, घरातच जन्मलेली, ग्रामपंचायतीत नोंद झालेली, आणि माय बाळंतपणातून उठायच्या आत तापानं गेलेली, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मायनं सांगितलं, तिच्या शेवटच्या दुखण्यात, मी पाय चेपत बसले होते तेव्हा. ती पोर गेली आणि माय येड्यावानी झाली. मग गावातल्या नर्सबाईनं तुम्हा दोघांना औरंगाबादच्या अनाथ लेकरांच्या आश्रमात नेलं. तिथून मी आले, रांगती. तुम्ही मला तिचा पाळणा दिला, तिचं नाव दिलं, आणि शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तिचाच जन्माचा दाखला मास्तरांपुढं ठेवला. तिच्या मरणाची नोंद तुम्ही केलीच नव्हती.

"आनली तवा शारदा म्हनून हाक मारली तर तू बघायचीच न्हाईस," माय म्हणाली. "आश्रमातल्या बाईनं दुसरंच नाव घेतलं की लगीच मान वळवायचीस. त्ये नाव काय व्हतं ते मी ध्यानातच ठिवलं न्हाई. तुज्या बापाला इचार."

विचारलं. तुम्ही म्हणालात, "इसरलो."

दादा, इसरलो म्हणे. ज्या माणसाला कळपातल्या एकेका मेंढीचं नाव, तिच्या आईचं नाव, ती कोणत्या दुष्काळात कुणाच्या रानात व्याली होती हे तोंडपाठ, तो म्हणतो इसरलो. माझ्या लग्नाच्या आधी लांडग्यानं नेलेल्या कोकरांची नावं मागच्या दिवाळीत तुम्ही माझ्या लेकीला सांगत होतात, मी स्वतः ऐकलंय. आणि औरंगाबादपासून पोटाशी धरून आणलेल्या लेकराचं नाव तेवढं विसरलात? कुणाला सांगता?

मग मीच पदर खोचला. माझी पिठाची गिरणी तुमच्या जावयावर टाकली आणि देवगाव फाट्यावरून जिंतूर, जिंतूरहून परभणी अशा चकरा चालू केल्या. औरंगाबादचा तो आश्रम बंद पडून जमाना झाला होता. त्याचे कागद कुठं गेले हे विचारण्यातच एक उन्हाळा गेला. शेवटी कळलं, आपल्या जिल्ह्यात दिलेल्या लेकरांचे गठ्ठे परभणीच्याच एका ऑफिसात येऊन पडलेत. तिथला साहेब म्हणाला, फाइली बाळाच्या नावानं लावलेल्या आहेत, नाव सांगा. मी म्हटलं, साहेब, नावच शोधायला आलेय. तो म्हणाला, मग कोर्टाचा दत्तकाचा कागद आणा.

तो कागद तुमच्याजवळ होता, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणं वाळवीनं खाल्ला. आपल्या घरात वाळवीनं दुसरं काही म्हणून खाल्लं नाही. सातबारा खाल्ला नाही, तुमच्या लग्नाची पत्रिका खाल्ली नाही, बरोबर तेवढा एकच कागद खाल्ला. लय शिकलेली वाळवी होती.

कागद नाही म्हटल्यावर साहेबाचं पुढचं फर्मान, आईबापाची संमती आणा. माझी पोर दहावीला, माझ्या डोक्यात पांढरे केस, आणि मी कुणाची संमती आणू? त्या साहेबाची बदली झाली तेव्हा मी गिरणीवरच्या गणपतीला नारळ फोडला. त्याच्या जागी या बाई आल्या. त्यांनी आधी बसायला खुर्ची दिली, मग सरळ सांगितलं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो, कुणाची परवानगी लागत नाही. जन्म देणारीचं नाव-गाव तिच्या मर्जीशिवाय देत नाहीत, तो तिचा हक्क आहे. पण माझं स्वतःचं जे काही आहे, मी कधी आले, कशी आले, काय नाव होतं, का सोडलं, ते मला कळू शकतं. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

कशाचं काय. बाईंनी माझा जन्माचा दाखला उलटून-पालटून बघितला. म्हणाल्या, यात तर तुम्ही याच आईबापाच्या पोटी घरी जन्मलात, मग तुम्ही दत्तक कशा? घ्या. दत्तक असल्याचा पुरावा गठ्ठ्यात, आणि गठ्ठा सोडायचा तर आधी पुरावा पाहिजे. गिरणीत दाणा दोन दगडांत सापडतो तशी मी सापडले. दाण्याचं निदान पीठ तरी होतं, माझं तेही होईना.

वाट एकच होती. शारदा नावाची आमची मुलगी तान्ही असतानाच वारली, तिची नोंद करायची राहिली, आणि ही बाई त्यानंतर आम्ही दत्तक आणलेली आहे, असं बापानं लिहून द्यायचं. मी बाईंना विचारलं, शारदाला मेलेली दाखवलं तर माझं काय? आधार, राशन कार्ड, गिरणीचं मीटर, सगळं शारदाच्या नावावर आहे. मेलेल्या बाईला लाइट बिल येणार का? बाई हसल्या. म्हणाल्या, नाव तुमचंच राहील, त्याची काळजी करू नका, फक्त तुम्ही दोघी दोन आहात एवढं कागदावर यायला पाहिजे. तुमची एक सही, दादा. तेवढ्यावर अडलं होतं.

तो कागद टाइप करून मी मेंढवाड्यावर आले, तो दिवस तुम्ही काही विसरला नसाल. तुम्ही गुडघ्यात मेंढी धरून लोकर कातरत होतात. मी वाचायला लागले. तुमचा हात चालूच होता. 'शारदा मयत' इथवर आले आणि कात्री थांबली.

"माजी शारदा मेली म्हनून मी लिहून देऊ?" तुम्ही म्हणालात. "ती समोर हुबी ऱ्हाऊन मला वाचून दावायलीय, आन् मी ती मेली म्हनू?"

"दादा, ती मी न्हाई."

"मंग कोन हायस तू?"

"त्येच तर इचारायले."

तुम्ही मेंढी सोडून दिली. एका अंगानं कातरलेली, एका अंगानं लोकर तशीच, अशी ती वाड्यात फिरत राहिली. तुम्ही हात झटकले आणि म्हणालात, "ह्या हातानं मी माज्या लेकराला मारनार न्हाई." आणि पाणी आणायला म्हणून जे गेलात ते मी निघेपर्यंत परत आला नाहीत. कळशीसुद्धा न घेता गेला होतात.

त्यानंतर आपला अबोला. तुमचा अबोला तरी कसला? तुमच्या चारठाण्यात दोन पावलांवर गिरणी असताना तुम्ही ज्वारीचं गठुडं उचलून जीपनं देवगाव फाट्यावर यायचात. माझ्याशी बोलायचं नाही, पण दळण माझ्याच हातचं पाहिजे. बाहेर बाकड्यावर पाठ करून बसायचात. मीही तुमचीच लेक, जाड का बारीक एवढंही विचारायची नाही, मला ठाऊकच होतं. गिरणीच्या आवाजावर बोलायची मला सवय. आतून मी मोठमोठ्यानं सुनवायची, काही माणसांना मेंढराची नावं आठवतात अन् लेकीचं आठवत नाही, असं काय काय. फाट्यावरचा पानवालाही हसायचा. तुम्ही आपले हायवेकडं बघत, जसं काही ऐकूच आलं नाही. आणि गेल्यावर बघावं तर बाकड्याखाली डबा, शेळीच्या चिकाचा खरवस, माझ्या लेकीला आवडतो तसा वेलदोडा घातलेला. जसा काही चुकून विसरून राहिलाय. भांडणातही तुम्ही मला उपाशी ठेवलं नाही, दादा. त्यामुळंच नीट भांडताही आलं नाही.

दळताना मला भुरीची आठवण यायची. मी नुकती शाळेत जायला लागले होते. भुरीचं कोकरू मेलं, आणि त्याच सुमाराला दुसरी एक मेंढी साप चावून मेली, तिचं कोकरू मागं राहिलं. भुरी त्याला जवळ करीना. हुंगायची आणि डोक्यानं उडवून लावायची. मग तुम्ही मेलेल्या कोकराचं कातडं सोललं आणि त्या पोरक्याच्या अंगावर सदऱ्यासारखं बांधलं. मला रडूच फुटलं. तुम्ही मला मांडीवर ओढून घेतलं आणि बघ म्हणालात. भुरीनं हुंगलं, परत हुंगलं, आणि मागचे पाय फाकवून उभी राहिली. कोकरू ढुसण्या देत प्यायला लागलं. चार दिवसांनी तुम्ही ते कातडं चाकूनं कापून काढलंत. राहू दिलं तर ते सडतं, माशा बसतात आणि आतलं जितं कोकरू मरतं, असं तुम्हीच मला सांगितलं होतं.

बाकड्यावर पाठ करून बसलेल्या तुम्हाला हे ऐकवावं असं हजारदा तोंडाशी आलं. ऐकवलं नाही. वाटलं, आज ना उद्या तुम्हीच बोलाल. तुम्ही आजारी पडलात तेव्हाही मी तेवढ्याच आशेवर होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. जिंतूरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही डोळे उघडले, ओठ हलले. मी सगळ्यांना सारून कान तोंडाशी नेला. मला वाटलं, आता नाव येतंय. तुम्ही विचारलंत, "मेंढ्याला पानी दावलं का?" मी म्हटलं, दावलं. तुम्ही मान हलवली आणि डोळे मिटले. संपलं. आयुष्यभर सोबत राहून शेवटी मला मेंढराच्या पाण्याचा हिशेब विचारून गेलात.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. ऊन चढलं तरी येईना. आधी लोक म्हणाले, मेंढ्या विकणार नाही म्हणा. काकांनी म्हटलं. कावळा हलेना. नातीचं शिक्षण करू म्हणा. तेही म्हटलं. मग हळूहळू एकेक मान माझ्याकडं वळायला लागली. भावकीतले एक म्हातारबाबा म्हणाले, पोरी, तो कागदाचा नाद सोडते म्हण, बापाचा जीव त्यातच अडकलाय.

काय राग आला म्हणून सांगू. जितेपणी तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि आता कावळ्याकरवी बोलायला लागलात. मी पिंडासमोर गेले, पदर खोचला आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "दादा, कागूद मी सोडनार न्हाई. बसा उपाशी."

काकू तोंडाला पदर लावून मटकन खालीच बसली. मलाच माझी भीती वाटली. पण शब्द मागं घेतला नाही. मग काका उठले. तुमचे धाकटे भाऊ, तुमच्या शब्दाबाहेर कधी न गेलेले. त्यांनी भाताच्या पातेल्यात हात घातला, लिंबाएवढा एक गोळा वळला आणि तुमच्या पिंडाशेजारी नेऊन ठेवला. तान्ह्या लेकराचं आपल्यात दिवसपाणी करत नाहीत, पुरतात आणि विसरतात. तिच्या नावानं भाताचं शीत कुणी ठेवलं नव्हतं आजवर. काका पाठमोरेच म्हणाले, "त्याचा जीव तुज्यात न्हाई अडकला, शारदे. हिच्यात अडकलाय."

कावळा शिवला की नाही, यावर वस्तीवर अजून वाद चालू आहे. मी बघितलंच नाही. मी काकांकडं बघत होते.

माघारी येताना ते सगळं बोलले. तुम्ही त्यांना आण घातली होती कुणाला सांगू नको म्हणून. "आन घालनाराच गेला. आता कशाची आन," म्हणाले. खड्डा त्यांनीच खांदला होता. मी विचारलं कुठं, तर त्यांनी आपल्या रानाच्या उगवतीच्या कोपऱ्याकडं हात केला, कडुलिंबाखाली.

तो कोपरा, दादा. खतासाठी लोक बोलावतील त्यांच्या रानात तुम्ही मेंढ्या बसवल्या, पण स्वतःच्या रानातल्या त्या कोपऱ्यात मेंढरू टेकू दिलं नाही. नांगर फिरू दिला नाही. मी विचारलं की म्हणायचात, "तिथं दगड लय हाईत." काल जाऊन बघितलं. एकच आहे.

म्हणजे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं ती कुठं आहे. माझ्यापुढं शारदा जिती म्हणायचं, आणि एकटं असलं की तिच्यापाशी जाऊन बसायचं. दोन लेकी होत्या तुम्हाला. एकीला माती दिलीत आणि दुसरीला तिचं नाव. धड तिला तिचं मरण मिळालं नाही, धड मला माझा जन्म. आणि हे सगळं मायेपोटी केलंत, हेच मला सहन होत नाही. वाईटपणानं केलं असतं तर मी तुम्हाला शिव्या घालून मोकळी झाले असते.

तेराव्यानंतरच्या मंगळवारी काकांना घेऊन परभणीला गेले. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि खुर्चीच्या टोकाला बसले. बाईंनी विचारलं, मुलगी वारली हे तुम्हाला कसं माहीत? काका म्हणाले, "ह्या हातानं ठिवलीय, बाई." बाईंनी सगळं लिहून घेतलं, काकांनी सही केली, मी माझा अर्ज दिला. अजून तहसीलातून हुकूम व्हायचाय, शारदाच्या मरणाची नोंद व्हायचीय, मग गठ्ठा सुटणार. सरकारी काम अन् सहा महिने थांब. थांबेन. इतकी वर्षं तुमच्यावर थांबले, सरकारवर थांबायला काय जातंय?

बाईंनी निघताना एक सांगितलं, आशा फार ठेवू नका, कधी कधी जुन्या फाइलीत नाव नसतं, नुसता नंबर असतो. नंबर निघाला तर तुमच्याच नावानं खडे फोडीन, आत्ताच सांगून ठेवते. कारण नाव एका माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस माझ्या गिरणीच्या बाकड्यावर पाठ करून बसत होता.

नाव निघालं तर काय करशील, असं तुमच्या जावयानं विचारलं. काय करणार? दळणच दळणार. मला सगळे शारदाच म्हणतील, आणि मी ओ देईन. फक्त एकदा लिंबाखाली जाऊन ते नाव मोठ्यानं घेईन, आणि मी मान वळवते का ते बघेन.

तुम्हाला कशाचं भ्या होतं ते मला आता कळतंय. पण तुमचंच एक बोलणं तुम्हाला ऐकवायचं राहिलंय. भुरीच्या कोकराचं कातडं कापून तुम्ही बाजूला टाकलंत, तेव्हा ते कोकरू उघडं-नागडं थरथरत उभं होतं, आणि मी तुमचा सदरा धरून विचारलं होतं, आता ती ह्याला हाकलंल का? तुम्ही हसलात. म्हणालात, "येडी का काय. दूध प्यालंय तिचं. आता कातडं काढलं काय आन् ठिवलं काय, त्ये तिचंच."

मेंढीचं तुम्हाला कळत होतं, दादा. लेकीचं का कळलं न्हाई?